भोवत्याकाकांचं गवत

भोवत्याकाका तुमच्याशी बोलताना तुमच्याकडे कधीच बघत नसत. नजर तुमच्या खांद्यावरून पलीकडे, झाडाच्या शेंड्यावर नाहीतर विजेच्या तारेवर. अमेरिकेतल्या पार्सिपनीच्या मराठी मंडळात नवीन आलेल्यांना ते उर्मट वाटायचे. मलाही वाटले. पिस्कॅटवेला पीएचडीसाठी मी नुकताच आलो होतो. जेवणाच्या रांगेत त्यांना नाव सांगत होतो, तर मधेच म्हणाले, "बाहेर चल. ससाणा आलाय." हातात पुरी-भाजीची प्लेट घेऊन आम्ही वीस मिनिटं पार्किंग लॉटमध्ये उभे होतो. तिथून माझे शनिवार त्यांचे झाले.

भोवत्या म्हणजे गवतावरून अगदी खाली तरंगत उंदीर शोधणारा शिकारी पक्षी. काका नागपूरचे. लहानपणी त्यांनी तो माळावर पाहिला होता. दीड तासावरच्या डोंगरात, एका ओल्या गवताळ पठारावर त्यांना त्याचा इथला भाऊबंद दिसला. "त्या दिवशी मला अमेरिकेत करमायला लागलं," ते सांगायचे. तोवर त्यांना इथे येऊन बारा वर्षं झाली होती.

त्या पठाराला लागून एक खासगी शूटिंग क्लब होता. पिंजऱ्यात वाढवलेले फेझंट, म्हणजे कोंबडीएवढे रानपक्षी, मोकळे सोडायचे, हाकारे लावून उडवायचे आणि रांगेत उभ्या मेंबरांनी ते पाडायचे, असा तिथला खेळ. आता क्लबला पठारावरही पसरायचं होतं. त्याविरुद्ध सह्या गोळा करत आम्ही इंडियन ग्रोसरीबाहेर उभे राहायचो. कुणी "नंतर करतो ना, काका" म्हटलं की ते म्हणायचे, "पक्ष्यांना नंतर नसतं." माणूस ओशाळून सही करायचा.

फेझंट कुणी उचलू नयेत म्हणून क्लबवाले शिकारी पक्ष्यांसाठी सापळे लावतात, अशी कुजबुज होती. एका मार्चमध्ये कुंपणाबाहेरच्या पायवाटेवरून मी त्याचा फोटो काढला. खांबाच्या टोकावर लोखंडी सापळा, आणि त्यात पाय अडकून उलटी लटकलेली भोवत्याची मादी. मेलेली. काका गवतात बसले आणि तोंडावर टोपी धरून रडले.

मी म्हटलं, आजच तक्रार करू. ते म्हणाले, "आत्ता दिलं तर वॉर्निंगवर सुटतील. तीन आठवड्यांनी क्लबच्या अर्जावर टाउनशिपची सुनावणी आहे. तिथे सगळ्यांसमोर दाखवू. आणि तू पुढे येऊ नकोस, तुझा व्हिसा आहे. कॅमेऱ्यातलं कार्ड माझ्याकडे दे, माझ्या नावावर जाऊ दे." मला भरून आलं. मी कार्ड दिलं. कॉपी ठेवायचं मनातही आलं नाही.

सुनावणीला मी मागच्या रांगेत होतो. काका माइकपाशी गेले, चष्मा पुसला आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाले की क्लबशी चर्चा झाली आहे, त्यांचा आता आक्षेप नाही. फोटोचा उल्लेखही नाही. मी उभा राहिलो, सापळ्याबद्दल बोललो. अध्यक्षबाईंनी शांतपणे विचारलं, "काही पुरावा आहे का?" मी काकांकडे बघितलं. ते कागदाची घडी घालत होते. क्लबला परवानगी मिळाली.

बाहेर ते गाडीपाशी थांबले होते. "चाळीस एकर गवत कायमचं सोडलंय त्यांनी. लेखी. तिथे बंदूक नाही, सापळा नाही. फोटो दाखवला असता तर हे मिळालं नसतं रे."

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

"कार्ड द्या माझं."

"नाही देता येणार. शब्द दिलाय."

दीड तासाचा रस्ता होता आणि आम्ही एकाच गाडीतून आलो होतो. मी फोन करून मित्राला बोलावलं आणि तो येईपर्यंत टाउनशिपच्या कचेरीच्या पायरीवर बसून राहिलो. काका बराच वेळ गाडीत बसून होते. मग गेले.

पुढच्या मार्चमध्ये मी एकटा गेलो. क्लबच्या बाजूला सापळे तसेच होते. या वेळी फोटो माझ्या नावाने वन्यजीव अधिकाऱ्यांना पाठवले. माणसं आली, सापळे उतरवले, क्लबच्या रखवालदारावर खटला झाला. व्हिसाचं काही झालं नाही. फेझंटची शिकार मात्र चालूच आहे. आणि काकांच्या चाळीस एकरांत भोवत्यांच्या दोन जोड्या घरटी करतात. मी मोजल्यात.

मंडळाच्या दिवाळीत ते समोर आले. दरवर्षी मी वाकून नमस्कार करायचो. त्या वर्षी हात जोडले, तेवढंच. ते म्हणाले, "चांगलं केलंस." मी म्हटलं, "हो." त्यानंतर ते मुलाकडे टेक्ससला गेले, आणि तिकडेच वारले. काकूंचा फोन आला होता.

पक्षी कसा बघायचा, तासन्‌तास न हलता कसं बसायचं, अनोळखी माणसाकडे सही कशी मागायची, सगळं त्यांनीच शिकवलं. त्यांचा सौदा चुकला असं आज मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण त्यांनी मला विचारायला हवं होतं. मी भांडलो असतो, ओरडलो असतो, आणि कदाचित शेवटी हो म्हणालो असतो. म्हणालो असतो की नाही, हे आता मलाही कधी कळणार नाही.