तळमामांची काठी

तळमामांच्या हातात उंची मोजायची आकड्यांची काठी दिली, की दुर्बिणीमागच्या माणसाने खुशाल बिडी पेटवावी. मामा आधी टाचेने पाला सारायचे, मग भुसभुशीत माती उकरायचे, मग काठी तीनदा ठोकायचे. टणक लागलं तरच मान हलवायचे. "पाला म्हंजे भुई न्हवं, सायेब." दिवसभर सगळ्यांना विचारत फिरायचे, "तळ गावला का?" म्हणून तळमामा. खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं.

मी सर्व्हेत नवा, अंगात मस्ती भरपूर. जोयड्याच्या रानात, दिग्गीकडे, मामांच्याच वाडीला रस्ता व्हायचा होता. पावसाळ्यात तिथून आजारी माणूस कांबळ्याच्या झोळीत घालून आणावा लागे. मी विमानातून काढलेल्या फोटोंवरून नकाशा केला. वाडीच्या अलीकडचं रान कसं सपाट दिसत होतं! प्रत्यक्ष जाऊन पाहायचा मी कंटाळा केला आणि नकाशा वर पाठवून दिला.

मामांना कौतुकाने दाखवला, तर त्यांनी त्या सपाट रानावर बोट ठेवलं. तिथे व्हळ आहे, खोल ओढा, म्हणाले. मी चिडलो. फोटो काय खोटं बोलतो? दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी मला तिथे नेऊन उभं केलं. पायाखाली चार पुरुष खोल घळ, आणि तळातून उठलेली झाडं थेट आमच्या काठावरच्या झाडांच्या शेंड्यांपर्यंत पोचलेली.

"व्हळातली झाडं उजेडासाठी उंच चढत्यात. वरनं समदं सारखंच दिसतंय."

त्या नकाशावर रस्ता झाला असता, तर पूल नसता, आणि पहिल्या पावसात वाडी पुन्हा झोळीवर आली असती. नकाशा दुरुस्त करायचा, तर मोठ्या साहेबांना चूक सांगायला हवी. माझी नोकरी अजून कच्ची होती.

साहेब आले तेव्हा मी तोंड उघडायच्या आधीच मामा पुढे झाले. "नकाशात व्हळ ऱ्हायलाय, सायेब. मीच म्हनलं ह्या सायबास्नी, तिकडं वाट न्हाई. म्हनून ते गेलं न्हाईत."

इतकं रान फिरून एवढी वाट माहीत नाही, म्हणून साहेबांनी त्यांना सगळ्यांसमोर झाडलं. ज्यांची काठी जन्मात चुकली नाही, ते मामा मान खाली घालून उभे. आणि मी गप्प.

पूल झाला. पहिली जीप वाडीत गेली त्या दिवशी मी मामांना म्हणालो, आता साहेबांना खरं सांगून टाकतो.

"पूल झाला न्हवं? मग ऱ्हाऊ द्या."

मी राहू दिलं. मला ते सोयीचंच होतं.

मामा जाऊन बरीच वर्षं झाली. आता विमानातून लेसर सोडतात. रानाचे लाखो ठिपके पडद्यावर उतरतात आणि माझ्या हाताखालची मुलं त्यातून शेंड्यांचा, झुडपांचा, जमिनीचा थर वेगळा काढतात. कुणी घाईघाईत पाल्याचे ठिपके जमीन म्हणून धरले, की माझ्या तोंडून निघतं, "तळ गावला का?" मुलं हसतात. मग मी त्यांना मामांची गोष्ट सांगतो, आणि साहेबांना कधी सांगितलं नाही तेही सांगतो. मामांना वाट माहीत होती. गेलो नव्हतो तो मी.