‘कधीच नाही’च्या रकान्यात

माझ्या हातून झालेला सर्वांत मोठा गाढवपणा मी निळ्या पेनाने, चष्मा लावून, पूर्ण शुद्धीत केला. तेव्हा मी सदुसष्टची होते, म्हणजे आजच्यापेक्षा चार वर्षांनी लहान आणि चौपट शहाणी. असं आपलं मला वाटायचं.

नात सात वर्षांची. शाळेतून रोज तक्रार: जागेवर बसत नाही, प्रश्न संपायच्या आत उत्तर देते, डबा, पट्टी, रेनकोट सगळं हरवते. मुलगा बोटीवर, सात-सात महिने समुद्रात. सून बँकेत. तिने रजा काढून पोरीला मुलांच्या मानसोपचार डॉक्टरांकडे नेलं आणि येताना दोन फॉर्म आणले. एक शाळेसाठी, एक घरासाठी. म्हणाली, “आई, दिवसभर ती तुमच्याजवळ असते. घरचा तुम्हीच भरा.”

रत्नागिरीत वाढलेल्या बाईला ‘मानसोपचार’ हा शब्द कसा ऐकू येतो, ते बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. गावात वेड्यांचं इस्पितळ. कोणी जरा वेडंवाकडं वागलं की “तिकडे नेऊन घालू” ही धमकी ठरलेली. मीही माझ्या मुलाला दिलेली आहे. मोठी शूर माता! आत काय असतं ते आमच्यापैकी कोणी पाहिलं नव्हतं, म्हणून भीती जास्त.

फॉर्मवर प्रश्न होते. काम अर्धवट सोडते का? सतत चुळबुळ करते का? धोका न ओळखता धावते का? पुढे रकाने: कधीच नाही, कधी कधी, नेहमी. माझ्या मनात आलं, आता गोळ्या देतील, पोर गुंगीत पडून राहील, आणि पुढे लग्नाच्या वेळी कोणीतरी हा कागद बाहेर काढील. मी सगळीकडे ‘कधीच नाही’वर खूण केली. एका ठिकाणी ‘कधी कधी’ केलं, खरं वाटावं म्हणून. केवढी ती अक्कल!

सुनेला पुन्हा रजा मिळेना, म्हणून मीच पोरीला घेऊन गेले. डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. शाळेच्या कागदावर सगळं ‘नेहमी’.

“घरी काहीच त्रास नाही?” त्यांनी विचारलं.

“छे हो. गरीब गाय.”

गरीब गाय तेव्हा त्यांच्या टेबलाखाली शिरली होती.

“घरी आणि शाळेत, दोन्हीकडे दिसलं तरच पुढचं ठरवता येतं,” त्या म्हणाल्या. “मग आधी शाळेतच काही बिनसलंय का ते बघते. महिनाभर थांबू.”

घरी येऊन मी सुनेला सांगितलं, “काही नाही गो तिला. डॉक्टरच म्हणाल्या.”

त्याच महिन्यात एका रविवारी सकाळी मासळी घ्यायला बंदरावर गेले. पोर बरोबर. मासेवालीशी बांगड्यांच्या भावाची घासाघीस करायला तिचा हात सोडला, तेवढ्यात ती एका मांजरामागे धक्क्याजवळच्या बोटीवर चढली. बोटी एकमेकींना दोरांनी बांधलेल्या, एकीपलीकडे एक. पोर दुसरीवर गेली. मी हाक मारली, तिने मान वळवली नाही. मुद्दाम ऐकत नाही, असं मला तेव्हा वाटायचं. पाण्याने बोटी लांब जात आणि धाडकन एकमेकींवर येऊन आदळत. मधल्या फटीत काळं, तेलकट पाणी. तिने तिसऱ्या बोटीकडे उडी मारली आणि दिसेनाशी झाली.

फटीत तिची एक गुलाबी चप्पल तरंगत होती. मग बोटी पुन्हा एकमेकींना भिडल्या.

मी ओरडायला तोंड उघडलं.

मासेवाली कोयती टाकून धावली. “अगो, ती बघ! जाळ्यात पडलीय!” पोर तिसऱ्या बोटीवर, जाळ्यांच्या ढिगात पालथी. एका खलाशाने तिला काखोटीला मारून आणलं.

“आजी, मांजरीला तीन पिल्लं आहेत,” पोर म्हणाली.

मी तिला रट्टा द्यायला हात उचलला, तर मासेवालीने तो वरच्या वर धरला. “तिला कशाला मारतेस? हात तू सोडलास.”

दुपारी सुनेला सगळं सांगितलं, खुणांसकट. ती मला बोलली असती तर बरं झालं असतं. तिने नुसता रजेचा अर्ज लिहायला घेतला.

डॉक्टरांसमोर मी सगळं कबूल केलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “माझा धाकटा भाऊ असाच. आई मास्तरांना सांगायची, घरी अगदी शहाणा आहे हो. मार खाऊन खाऊन नववीत त्याने शाळा सोडली. आज गुहागरकडे सुपारीची बाग झकास करतो, पण कुठला कागद भरायची वेळ आली की माझ्याकडे सरकवतो. त्याच्यामुळेच मी या शिक्षणाकडे वळले.”

मग समजावलं. पोरीला एका वेळी एकच काम सांगायचं, डोळ्यात बघून. शाळेत तिला पुढच्या बाकावर बसवायचं. गोळी लागलीच तर आधी वजन, रक्तदाब, हृदय तपासायचं आणि अगदी थोडीपासून सुरुवात.

पोटातलं शेवटी बाहेर आलंच. मी विचारलं, “माझी पोर माझी पोरच राहील ना? की नुसती बसून राहील?”

त्यांनी नवा फॉर्म माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, “आजी, गोळी सुरू करताना भीती मलाही वाटते. नुसती बसून राहायला लागली तर ते मला पहिल्यांदा तुम्हीच सांगायचं. जेवली किती, झोपली किती, रडली का, तेही. मी तिला महिन्यातून अर्धा तास बघणार, तुम्ही दिवसभर बघता. तुम्ही खोटं सांगितलंत तर मी आंधळीच की हो.”