धोंड्याचं जेवण आणि माझी गिटार

गिटार हे बसायचं वाद्य नाही. मला हे आधीपासून माहीत होतं. आमच्या दाजींना ते पुरणाचे धोंडे खाता खाता कळलं.

साठच्या दशकातली गोष्ट. तुळजापुरात आमच्या घरी नुकती वीज आली होती आणि सोलापुरात एका वरातीत विजेवरची गिटार ऐकून मी पुरता कामातून गेलो होतो! जुन्या दाराच्या सागवानी फळीतून मी स्वतःच गिटारीचं धड कापलं. कमरेत बारीक, दोन्हीकडं रुंद. मान अजून व्हायची होती. पण असल्या गिटारीचा सगळा जीव तारांखालच्या कॉइलमध्ये, आणि कॉइल देणार होते दाजी, म्हणजे आमच्या अक्काचे यजमान. सोलापुरात ते रेडिओ दुरुस्त करायचे. अधिक महिन्यात जावयाला धोंड्याचं जेवण घालतात, त्याला ते येणारच होते. "धड चकचकीत करून ठेव. पसंत पडलं तर कॉइल तुझी," असा त्यांचा निरोप. माझं सगळं भवितव्य त्या जेवणावर टांगलेलं!

रंगारी म्हणाला होता, पॉलिशसाठी राळ जवसाच्या तेलात उकळ. घरात जवसाचं नव्हतं, करडईचं डबाभर होतं. मी करडईत उकळली. (ज्या तेलात भजी होतात त्यात गिटार का होऊ नये?) चकाकी अशी आली की आरशानं लाजावं. पॉलिश सुकलं मात्र नाही. बोट लावलं की ते परत मागून घ्यावं लागे!

तारा जिच्यावरून जातात ती घोडी खरं तर पॉलिश सुकल्यावर बसवायची. मला धीर कुठला! पितळी घोडी स्क्रूनं आवळून टाकली. मग धोंड्याच्या दिवशी सकाळी धड पालथं केलं, पाठीला शेवटचा हात मारला आणि ओसरीवर वाळत ठेवलं. एका बाजूला घोडीचा टेकू, दुसरीकडं लाकडाचा तुकडा. आणि दाजींना नि अक्काला आणायला स्टँडवर गेलो.

घरी आल्यावर मी हातपाय धुऊन येतो तो दाजी ओसरीवरच ताटावर बसलेले. ताटाभोवती रांगोळी, समोर उदबत्ती. आणि दाजींच्या खाली माझी गिटार!

"आई, तो पाट..."

"किती गुणाचं लेकरू गं माझं!" आईचे डोळे भरून आले. "दाजीसाठी नवा पाट केलास, आन् बोललास बी न्हाईस! कमरेत नक्षी बी काढलीस!"

"दाजी, जरा उठता का?"

बाबा कडाडले, "भरल्या ताटावरून जावयाला उठवतोस? डोकं ठिकाणावर हाय का?"

दाजी पडले भिडस्त.

"बास हो, आता न्हाई जात."

"असं कसं! एवढा एक घ्याच," म्हणत आई वाढतच होती. प्रत्येक धोंडा दाजींच्या पोटात जात होता आणि त्याचं वजन माझ्या घोडीवर. घोडी वाकत गेली. दाजी हळूहळू डावीकडं कलले.

"मामा," दाजींनी बाबांना अदबीनं विचारलं, "तुमची जमीन कलती हाय का हो?"

"न्हाई बा. पुरण अंगावर आलं आसंल!"

शेवटी दाजी उठले. त्यांच्याबरोबर पाटही उठला! अक्का किंचाळली. बाबांनी दाजींना धरलं, मी गिटारीला, आणि दोघांनी जीव खाऊन ओढलं. टर्रर्र!

थोड्या वेळानं दाजी बाबांचं धोतर नेसून बाहेर आले. खिशातून कॉइल काढत म्हणाले, "बरं, गिटार कुठं हाय?"

मी बोट दाखवलं. दाजींनी फळी उलटी करून वाकडी घोडी पाहिली, सुलटी करून पाठीवर चिकटलेला धोतराचा तुकडा पाहिला. आणि कॉइल शांतपणे परत खिशात ठेवली.

"बसायला झकास हाय, मेव्हणे. पण पाटाला वीज कशाला लागतीय?"

मला रडू आलं, पण सगळं घर इतकं हसत होतं की कुणाला ऐकूसुद्धा गेलं नाही. तो पाट आई पुढं कितीतरी वर्षं वापरत होती. (पॉलिश बहुधा अजूनही ओलं असेल.) माझ्या संगीताची कुणी चौकशी केली, तर मी खरं तेच सांगतो: माझ्या गिटारीतून सूर एकदाच निघाला, आणि तोही दाजींच्या धोतराचा होता!