गिरणी बंद, लिनक्स चालू
माझं शुद्धलेखन कच्चं आणि अक्षर कोंबडीच्या पायासारखं, पण वाचणारी मीच, तेव्हा चालेल. आज गरम पिठाचा वास आला आणि केंदूरची आमची गिरणी आठवली. धाकट्या दिरांना ओसरीवर कॉम्प्युटरचा क्लास काढायचा होता. कॉम्प्युटर ज्याच्यावर चालतो ते लिनक्स म्हणे तुकड्यातुकड्यांनी बसतं. हवे ते तुकडे त्यांनी निवडले, "वहिनी, आता ते आपोआप बसंल, तवर गिरणी लावू नका, लाइट कमी व्हतीय," असं बजावलं आणि टेबलं आणायला ते शिरूरला गेले. दारात बाया ज्वारीचे डबे घेऊन उभ्या. एक म्हातारी ओरडली, "आगं पोरी, त्याच्यापायी आमी उपाशी ऱ्हायचं का?" मी लाजरी, कॉम्प्युटरच्या पडद्याकडं बघत राहिले. तिथल्या इंग्रजी ओळी काही हलेनात. दिवेलागणीला दीर आले आणि त्यांनी कपाळावर हात मारला. "वहिनी, हे तर मगाधरनं विचारतंय, एवढे तुकडे बसवू का म्हणून!" म्हातारी म्हणाली, "एका ‘व्हय’साठी दिस घातला व्हय रं?" आणि तिनंच गिरणीचा खटका ओढला. दिवे मंदावले, कॉम्प्युटर विझला, आळीत भाकऱ्या झाल्या. आता मोबाइलनं काहीही विचारलं की मी आधी हो म्हणते. उगाच कुणाची भाकरी अडायला नको.