परिपत्रकातली पहिली ओळ

ते प्रकरण आमच्या ठाण्याच्या कागदोपत्री केव्हाच मिटलं, माझ्या मनातून मात्र अजून जात नाही.

दिवाळीला चार दिवस होते. झाशीतलं आमचं ठाणं बंदोबस्तात बुडालेलं. दुपारी वरून खबर आली: प्रेम नगरमधल्या एका माणसाने मोबाइलवरच्या एआयला किल्ल्याबद्दल संशयास्पद प्रश्न विचारलेत. सोबत नवं परिपत्रक. एआयचा धोका म्हणजे दहशतवाद, हे त्यात पहिल्याच ओळीत होतं. यंत्राने खूण केली की माणूस आधी संशयित, बाकी सगळं नंतर.

प्रश्न मी तीनदा वाचले. ‘किले की दीवार कहाँ कमज़ोर है? पहरेदार कहाँ खड़े हों? बारूद कहाँ रखें?’ सणाची गर्दी डोळ्यांपुढे आली.

त्याला ठाण्यात आणलं. चाळिशीचा, सरकारी कारखान्यातला ड्राफ्ट्समन. संरक्षण खात्याच्या कामावर बढती ठरलेली. आमचे हेड कॉन्स्टेबल दीवानजी गुरकावले, “भैया, सच-सच बोलो. बारूद किसके लिए?”

“किले के लिए, जी. मिट्टी का किला!” माझ्या छातीवरच्या पट्टीतलं मराठी आडनाव वाचून तो मराठीत आला. “साहेब, तुम्ही तर आपलेच. इथल्या मराठी मंडळाची दिवाळीच्या किल्ल्यांची स्पर्धा आहे हो. मी झाशीचाच करतोय, अंगणात.”

कोपरापर्यंत चिखलात हात घालून मीही लहानपणी किल्ले केले होते. तरी तीनदा वाचून मला ते सुचलं नाही. लाज वाटली.

भीती मात्र गेली नाही. आपला म्हणून सोडला आणि उद्या काही झालं तर? स्वतः त्याच्या घरी गेलो. विटांवर पोतं, पोत्यावर माती, उतारावर नुकतेच उगवलेले अळीव. बारूदखान्याच्या जागी काड्यापेटी. पंचनामा केला, ‘संशय निराधार’ असा अहवाल पाठवला आणि संध्याकाळच्या आत त्याला घरी सोडलं.

सहा महिन्यांनी तो पुन्हा आला. बढती रद्द झाली होती. पडताळणीत त्याचं नाव संशयितांच्या यादीत निघत होतं. मी त्याच्यासमोरच वर फोन लावला. उत्तर मिळालं, “नाम चढ़ाने का नियम है, साहब। हटाने का तो कुछ लिखा ही नहीं।”

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, सरकारांचंही तसंच. भीती खोटी नाही. स्फोटानंतरचे रस्ते मी पाहिलेत. पण दहशतवाद्याच्या हाती यंत्र लागलं तर काय, याचाच विचार सगळे करतात. आमच्या हाती लागलं तर काय, याची एक ओळ त्या परिपत्रकात नव्हती.

फोन ठेवून मी मान वर केली. तो म्हणाला, “पण साहेब, तुम्ही तर लिहून दिलं होतंत ना?”