मामांचं पिठलं

“तोंड उघड. उघड म्हंतो ना, का पक्कड आणू?”

मामा ओरडत होते. समोर खोडदचा मेंढरंवाला पैलवान, ज्याचं मनगट आमच्या मांडीएवढं. दुपारीच बापाला अग्नी देऊन आलेला, दातखीळ बसल्यासारखा भिंतीला टेकलेला. मामांच्या हातात पिठलं-भाकरीचा घास. “घरच्यांनी खाल्ल्याबिगर मेलेला उपाशी निघतो. बापाला उपाशी धाडतो काय, गड्या?” पैलवानानं तोंड उघडलं. घास आत गेला आणि हुंदका बाहेर आला. तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी तो मामांच्या घरी जेवायला येऊ लागला.

यमाच्या मागोमाग पोचणारा असा माणूस अख्ख्या जुन्नर-आंबेगावात दुसरा झाला नाही. बोरीत त्यांचा मळा आमच्या मळ्याला लागून, म्हणून ते मामा. बाकी रक्ताचं नातं काही नाही. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी भाकरी न्यायची, ही आपली रीतच. मामांनी तिचा मक्ता घेतला होता. लुनाला पातेलं बांधून ते असे सुटायचे, की पिंपरी पेंढारला लुना दिसली की लोक आपापल्या म्हाताऱ्याची नाडी बघायचे. एकदा चुकीची बातमी लागली आणि म्हातारा जिवंत निघाला. मामा डगमगले नाहीत. त्यालाच समोर बसवून पिठलं चारलं. म्हातारा बोटं चाटत म्हणाला, “मेल्यावर बी हेच आणा, राव.” देवळाची पायरी मामा चढत नसत. “निवद दावून देव कवा खातो? माणूस खातो. घास गळ्याखाली उतरताना दिसतो, तेवढाच माझा देव,” म्हणायचे. कोर्टात भांडणारे दोघे भाऊ आई गेल्यावर त्यांनी एका ताटात जेवायला बसवले होते. सगळी पंचक्रोशी त्या पिठल्याला ‘मामांचं पिठलं’ म्हणायची. ते रांधायची मामी. हे माहीत सगळ्यांना होतं, म्हणायचं कुणी नाही.

एका उन्हाळ्यात, सकाळी, चुलीपुढंच मामी गेली. दुपारी अग्नी दिला. माणूस नुसतं लोटलं होतं. आणि एकाही घरून भाकरी आली नाही. कुणाच्या मनात वाईट नव्हतं हो. इतक्या वर्षांत भाकरी आपणही न्यायची असते, हेच गाव विसरलं होतं. जो तो सवयीनं लुनाची वाट बघत बसलेला, आणि लुना तर दारातच उभी. मामा ओसरीवर. आत गार पडलेली चूल.

दिवेलागणीला ते ध्यानात आलं पैलवानाच्या. तो उठला, खोडदला गेला, आणि बायकोनं रांधलेलं पातेलं घेऊन परतला. ते बघून सगळं गाव खजील होऊन घरी पळालं. घटकाभरात ओसरीवर इतकं पिठलं जमलं, की मामांना त्यात पोहता आलं असतं. त्यांनी एकाही ताटाकडं पाहिलं नाही.

“तोंड उघडा, मामा,” पैलवान म्हणाला. मामांनी तोंड फिरवलं. मग तो असा ओरडला, की खोडदला आकाशातलं ऐकायला लावलेल्या तबकड्याही वळल्या असतील. “तुमीच म्हंता ना. मामी उपाशी निघंल.”

मामांनी तोंड उघडलं. घास बराच वेळ चावला. गिळला.

पैलवानानं उपरण्यानं डोळे पुसले. “झालं. आता मामी जेवली बघा.”

मामा चुलीकडं बघत म्हणाले, “मी तिला जेवताना कधी बघितलं न्हाई.”