नान्नजच्या माळावर एकही झाड न लावता

नान्नजला निघाले म्हटलं की सोलापुरात एकच प्रश्न येतो, "माळढोक दिसतो का तितं?" मला नाही दिसला. तरी गेले, आणि पुन्हा जाणार. एक पक्षी दिसला नाही म्हणून अख्खा माळ ओसाड ठरवणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे.

या वेळी भांडण घरातच होतं. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मॉर्निंग वॉक मंडळानं तिथल्या माळढोक अभयारण्यालगतच्या गायरानावर वृक्षारोपण ठरवलं. श्रावणातला रविवार, टेम्पोभर कडुनिंब आणि गुलमोहर. मी सोबत निघाले ती अडवायलाच.

बार्शी रोडनं अर्ध्या-पाऊण तासात नान्नज येतं. अभयारण्यात शिरायचं तर वनखात्याची परवानगी आधी काढा आणि खायचं बरोबर न्या. आम्ही कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेली होती. श्रावणात इथं मान वर ठेवावी. चंडोल गात गात सरळ वर चढतो आणि तिथंच फडफडत राहतो. पाय मात्र जपून टाकावेत, कारण त्याचं घरटं गवताच्या बुडाशी, जमिनीवर असतं. लांबवर काळवीट चरत होते.

मंडळींनी पांढऱ्या फक्कीनं खड्ड्यांच्या खुणा केल्या. अण्णांनी कुदळ उचलली, तशी मी खुणेवरच जाऊन उभी राहिले.

"सरक की गं. पडीक रान हाय हे."

"पडीक नाही अण्णा, माळ आहे. घरट्यांचे दिवस आहेत. आणि झाडं वाढली की गवत जाणार, गवताबरोबर हे सगळे जाणार."

"झाड लावणं पाप हाय व्हय?"

"इथं आहे."

शेरडं-मेंढरं घेऊन आलेल्या एक मावशी हसल्या. "लावा की! आमच्या शेरडांना कवळा पाला लई आवडतो."

सगळे हसले, अण्णा नाही. चारचौघांत त्यांना असं कधी बोलले नव्हते. पण हलले नाही. शेवटी त्यांनी कुदळ टेम्पोत टाकली.

परतताना ते टेम्पोत पुढं, ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. मंडळाच्या ग्रुपमधून मला काढलंय. रोपं आता आमच्या कॉलनीच्या उघड्याबोडक्या रस्त्यावर लागतील, जिथं सावली खरंच हवी आहे. अण्णांचं तोंड आठवून वाईट वाटतं, पस्तावा मात्र नाही.

दारातच आईनं विचारलं, "किती झाडं लावली?"

"तुज्या लेकीला इचार," म्हणत अण्णा आत गेले.

"एकही नाही," मी म्हटलं. मोठ्यानं, आत ऐकू जाईल असं.